प्रयुक्त सौ. स.

रत्नागिरी शहर संपून कातळ सुरू होतो तिथे ते कॉलेज आहे. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून मानसशास्त्राची प्रयोगशाळा, आणि तिची चावी अकरा वर्षं सगुणा तांबेच्या कमरेला. नेमणूक कंत्राटी, दर जूनला नवा कागद. झाडलोट करायची, बाकं सरळ लावायची आणि प्रॅक्टिकलच्या तासाला कपाटातली साधनं काढून द्यायची. आरशात बघून चांदणी गिरवायची पेटी, एकेक शब्द दाखवत फिरणारा ड्रम, डोळे बांधून बोट फिरवायचा लाकडी भूलभुलैया, स्टॉपवॉच. कुठलं साधन कुठल्या खणात आणि कशाची स्प्रिंग सैल झालीय, हे तिच्याइतकं तिथल्या सरांनासुद्धा ठाऊक नसायचं.

शब्दही तिला ऐकून ऐकून कळायला लागले होते. समोर ठेवतात तो उद्दीपक. त्यावर माणूस जे करतो तो प्रतिसाद. पुन्हा करावं म्हणून जे देतात ते प्रबलन. प्रयोग करणारा तो प्रयोगकर्ता आणि ज्याच्यावर करायचा तो प्रयुक्त. वर्गात मुलांची संख्या विषम झाली की एकाला प्रयुक्त मिळायचा नाही. मग हाक यायची, "मावशी, बसता का जरा?" सगुणा हात पुसून बसायची. तिला ते आवडायचं. समोरची मुलगी घड्याळ लावायची, तिला अहो-जाहो करायची आणि शेवटी विचारायची, "प्रयोगाच्या वेळी तुम्हाला काय वाटलं?" घरीदारी तिला असं कोणी विचारलं नव्हतं.

ती नववीपर्यंत शिकलेली. वडील सखाराम मास्तर अलोऱ्याच्या शाळेत होते. ते गेले आणि तिची शाळा सुटली. पण अक्षर मास्तरांचं, गोल आणि ठसठशीत, ते तिच्या हातात राहिलं. नवरा संदेश भांडुपला एका सोसायटीत वॉचमन. वर्षातून दोनदा यायचा, एप्रिलात जयंतीला आणि मे महिन्यात. सासर मालगुंडच्या अलीकडच्या वाडीत. तिथून सकाळची एसटी धरून ती कॉलेजला यायची, आणि मागची तीन वर्षं तिच्याबरोबर त्याच एसटीने तिची मुलगी दीक्षाही यायची. दीक्षा त्याच कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बी.ए. करत होती.

पहिल्या दिवशी गेटाच्या आत पाय टाकताना दीक्षा म्हणाली होती, "आई, आपण एक करू या. कॉलेजात मी तुला मावशी म्हणेन. सगळीच म्हणतात."

सगुणा हसली. "म्हण गो. आयशीची मावशी झाले, काय बिघडलं?"

पण पहिल्यांदा जेव्हा दीक्षा चार मैत्रिणींसमोर म्हणाली, "मावशी, लॅब उघडता का?" तेव्हा तिच्या हातातली चावी कुलपात लवकर बसेना.

दीक्षाच्या शेवटच्या वर्षाला पुण्याहून अभय पाटणकर नावाचे नवे सर आले. तिशीपस्तिशीचे, बाह्या दुमडलेले, बोलण्यात लाघवी. पुस्तक उघडत नसत. "संज्ञा पाठ करायची नसते, ती डोळ्यांनी बघायची असते," म्हणायचे, आणि दर तासाला काहीतरी करून दाखवायचे. मुलं त्यांच्यावर फिदा होती. दीक्षा तर सर बोलायला लागले की वही विसरून बघत बसायची.

ऑगस्टातल्या एका तासाला सरांनी सगुणाला आत बोलावलं. पुढे खुर्ची ठेवली. "आज मावशीही आपल्याबरोबर प्रयोग करणार आहेत," म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सगुणा पदर सावरून बसली. सरांनी सगळ्यांना तीन-तीन कार्डं वाटली, पालथी. प्रत्येकावर तीन अक्षरं उलटीसुलटी लिहिलेली. ती जुळवून शब्द करायचा. झाला की हात वर करायचा.

"पहिलं कार्ड."

सगुणाच्या कार्डावर होतं: ढ, ख, ज. तिने मनात फिरवून पाहिलं. खढज, जढख, ढजख. मागे हात वर जायला लागले. अर्ध्या मिनिटात सगळा वर्ग हात वर करून बसला होता. सर शांतपणे तिच्याकडे बघत होते.

"हरकत नाही मावशी. दुसरं कार्ड."

थ, ळ, घ. तिच्या कानशिलातून ऊन वाफ यायला लागली. मागे पुन्हा सरसर हात. कोणीतरी खुदकन हसलं. दुसऱ्या बाकावर दीक्षा होती, तिचाही हात वर होता. सगुणाने एकदाच मागे वळून पाहिलं. दीक्षा फळ्याकडे बघत होती.

"तिसरं."

ण, स, फ.

तिने अक्षरांकडे पाहिलं आणि तिला ती अक्षरं दिसेनाशीच झाली. नुसत्या रेघा. तिच्या परड्यात त्या नावाची दोन झाडं होती, मे महिन्यात तिने त्याच्या गऱ्यांची साठं उन्हात वाळत घातली होती. पण त्या क्षणी तिला एवढंच कळत होतं की बत्तीस मुलांना जमतंय ते आपल्याला जमत नाही. तिने कार्ड पालथं घातलं.

"माझ्याच्यान नाय व्हायचं सर."

"ठीक आहे, ठीक आहे. छान केलंत. जरा चहा सांगून येता का खाली?"

ती दार ओढून बाहेर पडली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली. आतून सरांचा आवाज आला, "तिसरं कार्ड सगळ्यांचं एकच होतं. काय होतं?"

वर्ग एका सुरात ओरडला, "फणस!"

हशा पिकला. मग सर काहीतरी हळू आवाजात समजावत राहिले, तिला ऐकू आलं नाही. शेवटी विचारलेलं तेवढं कानावर आलं, "तर ह्याला काय म्हणायचं?" आणि एकटा दीक्षाचा आवाज, खणखणीत, "अर्जित असहायता, सर."

"शाब्बास."

सगुणा चहा सांगायला खाली गेली. मुलीला शाब्बासकी मिळाली, ह्याचा तिला आनंद झाला, हेही खरं. त्या शब्दाचा अर्थ तिला माहीत नव्हता.

आठवड्याने दीक्षा घरी कार्डांची गड्डी घेऊन आली. "आई, डिसेंबरात लॅबच्या परिचराची कायमची जागा भरणार आहेत. लेखी पण असेल, अक्षरांचं, शब्दांचं. तू सराव कर. मी घेते रोज."

सगुणाचे डोळे भरून आले. अकरा वर्षांनी कायमची जागा, आणि पोर आपण होऊन तयारी करून घेतेय. ती म्हणाली, "माझं डोकं चालंल काय गो आता?"

"चालेल. बस तू."

मग रोज संध्याकाळी, चुलीवर भात ठेवला की, दोघी पडवीत बसायच्या. दीक्षा पाच कार्डं द्यायची आणि मोबाइलवर वेळ लावायची. पाचांतलं एखादं जमायचं, बाकीची नाही. सगुणा ओठ हलवत अक्षरं फिरवायची, भात करपायचा. वेळ संपला की दीक्षा कार्डं गोळा करायची. सगुणाने एकदा विचारलं, "ह्याचं उत्तर काय व्हतं, सांग तरी." दीक्षा म्हणाली, "उत्तर सांगितलं तर सराव कसला?" आणि वहीत काहीतरी टिपून ठेवलं. सगुणाला वाटलं, आपले मार्क लिहितेय.

महिना गेला, दोन गेले. सगुणा आधी संध्याकाळी येताना शेजारच्या मास्तरांकडचा पेपर मागून आणायची, जिल्ह्याचं पान वाचायची. ते बंद झालं. वाचायला बसली की प्रत्येक शब्दाशी अडखळायची, हा शब्द असाच लिहितात ना? ऑफिसच्या रजिस्टरवर सही करताना तिचा हात थांबायला लागला. एकदा ती चुकीच्या एसटीत बसली आणि भलत्याच दिशेच्या पावस गावात उतरली. कंडक्टरने विचारलं, "पाटी वाचता येत नाय काय बाय?" ती म्हणाली, "नाय." नंतर तिलाच आश्चर्य वाटलं, की आपण असं का म्हणालो.

ऑक्टोबरात एक दिवस फार चांगला गेला. त्या संध्याकाळी तिने पाचही कार्डं जुळवली. होडकं, सुपारी, वाडगा, मांजर, कोयता. पाचवं जमल्यावर ती उठून उभीच राहिली. दीक्षा हसली. सगुणाने दुसऱ्या दिवशी बंदरावरून महागाची कोलंबी आणली, नारळ वाटला, दीक्षाच्या ताटात जास्तीची वाढली. "तुझ्यामुळं गो बाय," म्हणाली. त्याच संध्याकाळी पुन्हा पाच कार्डं आली आणि एकही जुळलं नाही. नंतर कधीच जुळलं नाही.

डिसेंबरात अर्ज मागवले. हेडक्लार्क महिपतरावांनी स्वतः तिला फॉर्म दिला. "तुमचीच जागा आहे सगुणाबाय. नावाला लेखी, नावाला मुलाखत." तिने फॉर्म आठ दिवस पिशवीत ठेवला. लेखीच्या दिवशी सकाळी ती अंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून बसली आणि एसटीची वेळ झाली तरी उठली नाही.

"आई, चल ना," दीक्षा दारात उभी राहून म्हणाली.

"मी नाय येत. माझ्याच्यान व्हायचं नाय. लोक हसतील."

दीक्षाने खांद्यावरची पिशवी सावरली. मग, "बरं," म्हणाली आणि एकटीच गेली.

जागा महिपतरावांच्या पुतण्याला, रितेशला मिळाली. त्याला आरशाची पेटी आणि ड्रम ह्यांतला फरक सगुणानेच समजावून दिला, आणि कमरेची चावीही त्याच्या हातात ठेवली. जूनपर्यंतच्या कागदावर तिच्याकडे झाडलोट तेवढी राहिली.

जानेवारीत पाटणकर सरांनी तिच्याकडे कागदांचा गठ्ठा दिला. "मावशी, मारुती मंदिरापाशी बाइंडिंगला टाका. तीन प्रती. दीक्षाचा प्रकल्प आहे, विद्यापीठाच्या संशोधन स्पर्धेला जातोय. पोरीने नाव काढलं तुमचं."

दुकानात गर्दी होती. सगुणा बाकड्यावर बसली, गठ्ठा मांडीवर. मुलीचं नाव पहिल्या पानावर छापलेलं पाहून तिने त्यावरून बोट फिरवलं. मग पान उलटलं.

'अर्जित असहायता: एका प्रौढ स्त्रीचा व्यक्तिअभ्यास. प्रयुक्त: सौ. स., वय ४१, शिक्षण नववी, व्यवसाय सेविका.'

तिने वाचायला सुरुवात केली. कित्येक आठवड्यांत तिने एवढं वाचलं नव्हतं. पण हे वाचता येत होतं.

'जेव्हा व्यक्तीला वारंवार असा अनुभव येतो की आपण काहीही केले तरी परिणाम बदलत नाही, तेव्हा ती सोप्या प्रसंगीही प्रयत्न सोडून देते. प्रयुक्ताला वर्गात दिलेली पहिली दोन कार्डे असाध्य होती, म्हणजे त्या अक्षरांपासून कोणताही शब्द बनत नाही. इतर विद्यार्थ्यांची कार्डे सोपी होती. प्रयुक्ताला ह्याची कल्पना देण्यात आली नाही.'

दुकानदाराने विचारलं, "तुमचं काय, ताई?" तिला ऐकू आलं नाही.

'१२ सप्टेंबर: "माझं डोकं चालत नाय" हे उद्गार तीन वेळा. ३ ऑक्टोबर: वर्तमानपत्र वाचणे थांबवले. १९ ऑक्टोबर, नियंत्रणाचा दिवस: पाचही कार्डे साध्य ठेवण्यात आली. प्रयुक्ताच्या मनःस्थितीत तात्पुरती सुधारणा, दुसऱ्या दिवशी विशेष जेवण बनवले. २० ऑक्टोबर: असाध्य कार्डे पुन्हा सुरू. घसरण आधीपेक्षा तीव्र. १४ डिसेंबर: प्रयुक्ताने कायम पदाच्या परीक्षेस बसण्यास नकार दिला. अक्षरकार्डांपुरती असलेली असहायता जीवनाच्या अन्य क्षेत्रांत पसरली. ह्यास सामान्यीकरण म्हणतात. प्रस्तुत अभ्यासाचा हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष होय.'

कोलंबीही लिहिली होती. पोरीने पुन्हा पुन्हा मागून घेतलेली.

ती एसटीने घरी गेली तेव्हा दीक्षा पडवीत कपडे वाळत घालत होती. सगुणाने पिशवी खाली ठेवली.

"पयल्यापासून म्हायत व्हतं तुला?"

दीक्षाला लगेच कळलं. हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. "आई, तो प्रयोग होता. तुला सांगितलं असतं तर निकालच बिघडला असता."

"मी रोज संध्याकाळी बसायचे तुझ्याम्होरं."

"सर म्हणाले, इतका जवळचा प्रयुक्त कोणाला मिळत नाही. रोज, घरात निरीक्षण. आई, ह्यावर मला पुण्याला एम.ए.ला प्रवेश मिळेल. सरांनी तिथे शब्द टाकलाय."

"आणि ती जागा? त्या दिवशी मी लुगडं नेसून बसले व्हते. त्या दिवशी सांगायचंस."

"त्या दिवशीच तर खरा निकाल मिळाला ना," दीक्षा म्हणून गेली. मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं आणि तिने टॉवेल तोंडावर दाबला.

सगुणाने तिला मारलं नाही, रडलीही नाही. भात टाकला. दोघी जेवल्या.

दुसऱ्या दिवशी बांधून आलेल्या प्रती सरांच्या टेबलावर ठेवून ती समोर उभी राहिली. "सर, मी वाचलं."

"वाचलंत?" सरांचा चेहरा उजळला. "बघा, म्हणजे वाचता येतं तुम्हाला. त्यात तुमचा दोष काहीच नाही हं मावशी, मेंदू असाच चालतो, उंदराचा, कुत्र्याचा, प्राध्यापकाचासुद्धा. प्रयोग संपल्यावर प्रयुक्ताला सगळं सांगायचं असतं, ते राहून गेलं. चूक माझी." त्यांनी खणातून एक कागद काढला. "एक मात्र लागेल. संमतीपत्र. स्पर्धेचा नियम आहे, प्रयुक्ताने आधी होकार दिलेला हवा. इथे सही करा. तारीख ऑगस्टची घाला."

"ऑगस्टात मला इचारलं व्हतं?"

"आता विचारतोय ना."

तिने कागदाची घडी केली. "घरी बघून देते."

पाठवायची मुदत शनिवारी होती. बुधवारी संध्याकाळी दीक्षाने विचारलं, "आई, सही?" सगुणा म्हणाली, "उद्या करू." तिने कागद रेशनकार्डाच्या डब्यात ठेवला होता, आणि डबा फळीवर, दिसेल असा. गुरुवारी दीक्षाने पेन आणून ठेवलं. पायांशी बसली, पाय चेपायला लागली. सगुणाने पाय चेपून घेतले. "उद्या नक्की," म्हणाली. दीक्षाचा चेहरा उमलला, आणि सगुणा तो उमललेला चेहरा बघत राहिली. आपण सही करणार नाही हे तिला बुधवारीच माहीत होतं. नाही म्हणून टाकणं सोपं होतं. पण रोज थोडी आशा द्यायची आणि ती विझताना बघायची, ह्यात काहीतरी होतं जे तिला थांबवता येईना. शुक्रवारी दीक्षा जेवली नाही, तेव्हा सगुणा पोटभर जेवली. स्वतःची तिला जरा भीतीही वाटली.

शनिवारी दीक्षाने काही विचारलंच नाही. सकाळी आवरून आईच्या आधीच कॉलेजला गेली. सगुणाला वाटलं, सोडला नाद. तिला गोड वाटलं, तरी संध्याकाळी डबा उघडून कागद तिथेच आहे ना, हे तिने पाहिलं.

मार्चात निकाल आला. दीक्षाचा पहिला नंबर. वर्तमानपत्रात फोटो, सरांच्या शेजारी उभी. संदेश रजा घेऊन भांडुपहून आला, नवा शर्ट, सोबत पेढ्यांचा खोका. सत्काराच्या दिवशी सभागृहात तो पुढच्या रांगेत बसला. सगुणाला ऑफिसने पुष्पगुच्छांचं तबक धरायला लावलं होतं, कारण दर समारंभाला तीच धरायची.

स्टेजच्या कडेला टेबलावर प्रकल्पाची प्रत मांडली होती. तबक घेऊन उभी असताना सगुणाने एका हाताने ती उघडली. पहिल्याच पानाला संमतीपत्र जोडलेलं. 'प्रयोगाचे स्वरूप मला समजावून सांगण्यात आले असून मी स्वखुशीने...' खाली सही, सगुणा संदेश तांबे, गोल आणि ठसठशीत. शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर बारा वर्षं तिने जशी केली होती, हुबेहूब तशी.

घरच्या डब्यात मूळ कागद कोराच होता.

पाटणकर सर माइकवर बोलत होते. "आणि ह्या यशामागे एक अबोल व्यक्ती आहे. प्रयुक्ताचं नाव गुप्त ठेवायचं असतं, पण आज राहवत नाही. मावशी, या. दोन शब्द बोला."

टाळ्या झाल्या. कोणीतरी तिच्या हातातून तबक घेतलं. तिने माइक धरला, तो कसा धरायचा तिला माहीत होतं, दर समारंभाआधी तीच पुसून ठेवायची.

"त्या कागदावरची सही माझी नाय," ती म्हणाली. "मी सही केलेली नाय. मला कोणी इचारलं नव्हतं."

प्राचार्यांनी मान वर केली. दीक्षाच्या हातातला गुच्छ खाली झुकला. मग सर मोठ्याने हसले, माइक अलगद तिच्या हातातून घेतला आणि म्हणाले, "बघितलंत? हाच तो परिणाम. स्वतःच्या सहीवरचासुद्धा विश्वास उडतो. अभ्यास किती खरा आहे ह्याचा ह्याहून जिवंत पुरावा कोणता?"

आधी दोनचार जणांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. सगुणा टाळ्या संपेपर्यंत उभी राहिली. तिला आणखी बोलायचं होतं. पण जे बोलू ते ह्याच वहीत जाईल, हे तिला कळलं. तिने तबक परत हातात घेतलं.

संदेश गेटाबाहेर तिच्यावर डाफरला. "आजच्या दिवशी ही अवदसा कुठनं आठवली? पोरीच्या तोंडाला काळं फासायला निघालीस?"

"सही तिनं केलीय."

"आयशीची सही पोरीनं केली तर काय झालं? 'सौ. स.' म्हणून तुझ्या डोक्याचं पेपरात छापून आलंय. मला भांडुपात चार जणांनी इचारलं." थोडं थांबून तो म्हणाला, "त्यात खोटं काय हाय म्हणा."

दीक्षा दोघांच्या मागून चालत होती.

जूनला नवा कागद आला नाही. महिपतरावांनी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. "सगुणाबाय, माझ्या मनात काही नाही. पण प्रकल्पातच लिहिलंय, कामात लक्ष लागत नाही, बस चुकते, वाचायचं टाळतात. विद्यापीठाने बक्षीस दिलेला अभ्यास आहे. मी त्याच्यावर काय बोलणार?"

दीक्षा पुण्याला गेली. दर रविवारी फोन करते. सुरुवातीला सगुणा उचलायची नाही, मग उचलायला लागली. जेवण, पाऊस, परड्यातली सुपारी, एवढ्यावर बोलणं होतं. एकदा दीक्षाने रडत विचारलं, "आई, तुला काय वाटतं माझ्याबद्दल? एकदा सांगून टाक ना."

"नाय सांगत," सगुणा म्हणाली. "तू लिवून ठेवशील."

ती आता वाटद रस्त्यावरच्या एका काजूच्या कारखान्यात जाते. हाताला राख चोळून बिया फोडायच्या आणि आतला गर अख्खा काढायचा. तुटला तर तो तुकड्यांच्या टोपलीत जातो आणि मुकादम बोल लावतो. सगुणाचा हात लवकर बसला, चौथ्या महिन्यात ती ओळीतली सगळ्यांत चलाख बाई झाली.

ऑक्टोबरात तिच्या शेजारच्या पाटावर हौसा नावाची नवी बाई आली. पंचविशीची, आतल्या गावातली, घाबरट. त्या दिवशी भट्टीवर वाफ कमी लागली होती, आणि एक घाणा कच्चा राहिला होता. सगुणाने पहिली बी हातात घेतल्याबरोबर ओळखलं, आणि आपली टोपली सरकवून दुसऱ्या घाण्यातला माल ओढून घेतला. कच्चा घाणा हौसापुढे गेला. कच्च्या बीचा गर अख्खा निघतच नाही, कोणाच्याही हाताला.

हौसाने पहिली बी फोडली, तुकडे झाले. दुसरी, तुकडे. तिने सगुणाच्या हाताकडे पाहिलं, तशीच सुरी धरली, तसाच अंगठा ठेवला. तुकडे. मुकादम येऊन ओरडून गेला. ओळीतल्या बाया हसल्या. सगुणा आपल्या बिया फोडत राहिली. एक वाक्य सांगायचं होतं, तिने सांगितलं नाही. ती बघत होती. हौसा किती बियांनंतर थांबते हे तिला बघायचं होतं. दुपारच्या सुट्टीच्या जरा आधी हौसाने सुरी खाली ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसली. दुपारनंतर चांगला माल आला, तरी तिचा हात धजेना. "माझ्यानं नाय जमत मावशी," ती म्हणाली.

त्या रात्री सगुणाला जेवण गेलं नाही. सकाळी कारखान्यात आल्या आल्या ती हौसापाशी गेली.

"काल सकाळचा तुझा माल कच्चा व्हता. कोणालाच जमला नसता. तुझा हात चांगला हाय."

हौसाने वर पाहिलं. "तुला काल सकाळीच कळलेलं?"

"व्हय."

"मग काल का नाय सांगितलंस?"

सगुणा हाताला राख चोळायला लागली. हौसाने आपला पाट, सुरी आणि राखेची वाटी उचलली आणि ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.